घराच्या नूतनीकरणाचं काम एकाच ठेकेदाराला द्यायचंय. दर, टप्पे आणि आगाऊ रक्कम कशी ठरवावी?

उंबरा

नमस्कार. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक न्हाणीघर पूर्ण नवं करून घ्यायचं आहे. पाडकाम, गिलावा, फरशी, नळकाम, वायरिंग, रंग, सगळंच. तीन ठेकेदार बघून गेले. पहिल्याने कागदावर एकच उक्ती रक्कम लिहून दिली. दुसऱ्याने मजुरीचा दर चौरस मीटरवर सांगितला, माल आमचा. तिसरा म्हणतो, माल-मजुरीचा जो खर्च होईल त्यावर १५ टक्के द्या. पहिल्याचा आकडा इतर दोघांच्या अंदाजापेक्षा साधारण ३० टक्क्यांनी कमी आहे. आगाऊ मात्र तिघेही ४० ते ५० टक्के मागतात.

यांची तुलना कशी करायची? काम करणाऱ्याला त्याच्या कष्टाचे पैसे मिळावेत आणि आपलीही फसगत होऊ नये, असा दर काढायची काही रीत आहे का? पैसे कुठल्या टप्प्याला द्यायचे? मध्येच काम वाढलं तर काय करायचं?

---

मोजपट्टी

आत्ता तुलना होणारच नाही, कारण तिघांनी तीन वेगळ्या गोष्टींचा भाव सांगितला आहे. आधी कामाची यादी तुम्ही स्वतः करा. प्रत्येक ओळीत काम, जाडी किंवा प्रत, एकक आणि परिमाण लिहा. दराचा रकाना रिकामा ठेवा आणि तोच कागद तिघांना द्या. मग रकाने शेजारी शेजारी ठेवून बघता येतात.

परिमाण कसं काढायचं ते एका खोलीवर दाखवतो. खोली ३.६ बाय ३ मीटर, उंची २.८५ मीटर. भिंतींचा घेर १३.२ मीटर, म्हणजे भिंती ३७.६२ चौ.मी. दार ०.९ बाय २.१, खिडकी १.५ बाय १.२. दोन्ही मिळून ३.६९ चौ.मी. वजा केले की ३३.९३ उरतात. पण दाराखिडकीच्या बगला (चौकटीभोवतीची भिंतीची जाडी) गवंड्याला भराव्याच लागतात आणि त्यांच्या कडा ओळंब्यात (अगदी सरळ रेषेत) धरायला सपाट भिंतीपेक्षा जास्त वेळ जातो. बगलांची खोली १५ सें.मी. धरली तर त्या साधारण १.५८ चौ.मी. होतात. एकूण ३५.५.

आता ठेकेदार ३७.६२ लावेल आणि तुम्ही ३३.९३ म्हणाल. दोघंही आपापल्या जागी बरोबर, पण फरक ३.७ चौ.मी.चा. म्हणून दर बोलायच्या आधी मोजायची पद्धत लिहा: ‘दार-खिडकी पूर्ण वजा, बगला वेगळ्या मोजून धरणार’ किंवा ‘वजावट नाही, बगलांचे वेगळे पैसे नाहीत’. कुठलीही चालेल, पण एकच. बिलाच्या वेळची निम्मी भांडणं इथूनच निघतात, दरावरून क्वचितच.

आता दर रास्त आहे का ते बघू. गवंडी आणि बिगारी अशी जोडी सरळ भिंतीवर दिवसाला ८ ते १० चौ.मी. आतला गिलावा ओढते. म्हणजे एका चौ.मी.ची मूळ मजुरी ही दोघांच्या हजेरीचा (दिवसाच्या मजुरीचा) नववा भाग. त्यावर घोडी (उंचावर उभं राहायची चौकट), हत्यारं, ने-आण, देखरेख आणि नफा यांचे १५ ते २५ टक्के. तुमच्या भागात हजेरी काय चालते ते चालू असलेल्या दोन-तीन साइटवर विचारा आणि गुणाकार करा. मागितलेला दर त्याच्या जवळपास असेल तर घासाघीस करू नका. बराच खाली असेल तर उलट काळजी करा. तो माणूस जाडीत, मसाल्याच्या (सिमेंट-वाळूच्या मिश्रणाच्या) प्रमाणात किंवा मजुराच्या हजेरीत कुठेतरी काटणार.

ही रीत मोठ्या सलग भिंतीला लागू पडते. न्हाणीघराच्या कोपऱ्यात, पाइपांच्या मागे, दोन चौ.मी.च्या ठिगळात तीच जोडी निम्मंच काम करते, आणि हजेरी दिवसाचीच पडते. तसली कामं चौ.मी.वर मागू नका. नग किंवा दिवस ठरवा.

माल पण याच परिमाणातून तपासता येतो. ३५.५ चौ.मी.वर १२ मि.मी. जाडीचा गिलावा म्हणजे ०.४३ घनमीटर ओला मसाला. भिंत वेडीवाकडी असते, सांधे भरतात, थोडं खाली पडतं, म्हणून २० टक्के जास्त धरा. कोरडा माल साधारण त्याच्या १.३ पट. १:४ प्रमाणाला (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) सिमेंटच्या ५० किलोच्या चार गोण्या आणि अर्धा घनमीटरपेक्षा किंचित जास्त वाळू. कुणी आठ गोण्या मागितल्या तर चोर समजू नका. जुनी भिंत ओळंब्यातून गेलेली असेल तर जाडी २० मि.मी.च्या वर जाते आणि माल पावणेदोन पटीला पोचतो. पण ते पाटा (लांब सरळ पट्टी) लावून आधी बघायचं आणि कागदावर लिहायचं.

---

ओळंबा

वरच्यांनी मोजणीचं सांगितलंच आहे. मी त्या ३० टक्के कमी आकड्याबद्दल लिहितो.

इतका फरक नफा कमी घेतल्याने पडत नाही. काही कामं त्यात धरलेलीच नसतात. त्याला एकेक ओळ विचारा: राडारोडा खाली उतरवून वाहून नेणं धरलंय का? नळ-वायरिंगसाठी भिंतीत मारलेल्या खाचा कोण बुजवणार, नळवाला की गवंडी? (दोघंही नाही म्हणतात आणि ते काम तुमच्या गळ्यात येतं.) वॉटरप्रूफिंग कुठल्या पद्धतीचं, भिंतीवर किती उंचीपर्यंत? जुन्या फरशीखालचा मसाला काढायचा की त्यावरच नवी फरशी? नळ, कमोड, बेसिन बसवण्याची मजुरी? रंगाआधी पुट्टीचे हात किती? काम चालू असताना दारं-खिडक्या झाकणं आणि शेवटची साफसफाई?

राडारोड्याला लोक फार हलकं घेतात, म्हणून हिशोब मांडतो. वरच्याच खोलीचा जुना गिलावा २० मि.मी. जाड असेल तर पाडल्यावर ०.७ घनमीटर भरीव माल निघतो. सुटा झाला की फुगून एक घनमीटर. वजन जवळजवळ १,३५० किलो. माणसाला जिन्यावरून नेता येईल अशी २५-२७ किलोची पोती भरली तर पन्नास खेपा. ही एका खोलीच्या फक्त भिंतींची गोष्ट. फरशी, कोबा (फरशीखालचा काँक्रीटचा थर), न्हाणीघराचा भराव वेगळा. ‘पाडकाम’ एवढाच शब्द लिहिलेला असेल तर या खेपांचे पैसे कुणी धरलेलेच नाहीत असं समजा.

तिन्ही पद्धतींबद्दल. उक्तं काम चांगलं, पण काय करायचं ते शेवटच्या नळापर्यंत ठरलेलं असेल तरच. नाहीतर प्रत्येक गोष्ट ‘हे त्यात नव्हतं’ होते. खर्चावर टक्के ही पद्धत घाईच्या किंवा अगदी अनिश्चित कामाला ठीक, पण तिच्यात खर्च वाढला की त्याची कमाई वाढते. घ्यायचीच असेल तर टक्क्याऐवजी त्याची देखरेखीची रक्कम ठराविक करा, खर्चाला वरची मर्यादा घाला आणि प्रत्येक बिल तुमच्या नावाचं मागा. जुन्या घराला माझ्या मते परिमाणावर दर हीच सरळ वाट, कारण गिलावा पाडल्याशिवाय मागे काय आहे ते कुणालाच दिसत नाही. भिंतीवर लाकडी दांड्याने ठोकत जा; ढब आवाज येतो तिथे गिलावा सुटलेला आहे. तेवढ्या जागा खडूने आखून मोजल्या की पाडकामाचा अंदाज बराच नेमका येतो.

एकक नीट बघा. पायपट्टी, ओट्याची कड, खिडकीखालची दगडी पट्टी ही धावत्या मीटरवर असतात, चौ.मी.वर धरली तर कारागीर बुडतो, आणि धावत्या मीटरला चौ.मी.चा दर लावला तर तुम्ही बुडता. वायरिंगचा ‘पॉइंट’ म्हणजे काय ते लिहून घ्या: पाइप, वायर, डबी, बटण, खाच मारणं आणि बुजवणं, यातलं काय काय. दिव्याचा पॉइंट आणि गीझरचा पॉइंट एका भावात नसतो. दुसऱ्याला जाड वायर थेट बोर्डापासून ओढावी लागते. रंगाला ‘जमिनीच्या क्षेत्राच्या साडेतीन पट’ असा ठोकताळा लावतात, तो मान्य करू नका. भिंत आणि छत मोजा.

भिंत काढायचा बेत असेल, किंवा तुळई-खांबाला हात लागणार असेल, तर तो निर्णय ठेकेदाराचा नव्हे. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

---

लेव्हलपाइप

४०-५० टक्के आगाऊ देऊ नका. पाडकाम तीन-चार दिवसांत होतं आणि घर उघडंबोडकं दिसतं, म्हणजे ‘खूप काम झालं’ असं वाटतं. प्रत्यक्षात तोवर एकूण किमतीचा दहावा हिस्साही झालेला नसतो. निम्मे पैसे तिथे गेले की पुढच्या किचकट कामाला त्याला परत यायची घाई राहत नाही.

माल-मजुरीसकट कामाला टप्पे साधारण असे ठेवा: सुरुवातीला १० टक्के. पाडकाम आणि राडारोडा पूर्ण निघाल्यावर १०. नळ आणि वायरिंगचे पाइप भिंतीत बसून चाचणी झाल्यावर २०. वॉटरप्रूफिंग झालं आणि पाणी साठवून बघितलं की १५. गिलावा आणि फरशीला २५, रंग आणि फिटिंगला १५. राहिलेले ५ टक्के सहा महिने तुमच्याकडे अनामत. टप्पा तारखेला बांधू नका, चाचणीला बांधा. आणि चाचणी दोघांनी उभं राहून करायची.

नळाची चाचणी: पाइप भिंतीत, तोंडं बंद, खाचा उघड्या. चिकटवलेल्या सांध्यांना २४ तास द्या, मग हातपंपाने नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब भरा आणि काटा बघा. दोन तासांत खाली आला तर सांधा गळतोय. खाचा बुजवल्यावर हेच कळलं तर नवी फरशी फोडावी लागते. बुजवायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो टेप लावून काढा. पुढे कधी भिंतीला भोक पाडाल तेव्हा तोच उपयोगी पडेल. रुंद खाचांवर आणि वीट-काँक्रीटच्या सांध्यावर जाळी मारून मग मसाला भरायचा, नाहीतर रंगाच्या पहिल्या उन्हाळ्यात तिथेच रेघ उमटते. जाळी यादीत लिहा. ती फुकट कुणी मारत नाही आणि मारू पण नये.

न्हाणीघर: नहाणी ट्रॅपचं (जमिनीतल्या पाणी जायच्या भांड्याचं) तोंड बंद करून ५ सें.मी. पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलीने पातळीची खूण करा, ४८ तास ठेवा. मिलिमीटर दोन मिलिमीटर वाफेने उतरतं. त्याहून जास्त उतरलं, किंवा खालच्या छताला, मागच्या भिंतीला ओल दिसली, तर फरशी लावू द्यायची नाही.

उताराबद्दल एक गोष्ट जरूर बघा. मीटरला १ ते २ सें.मी. उतार हवा, हे सगळेच सांगतात. पण तो वॉटरप्रूफिंगच्या खालच्या कोब्यात हवा. बरेच जण कोबा सपाट ठेवतात आणि उतार वरच्या फरशीच्या मसाल्यात काढतात. वरून पाणी नीट वाहताना दिसतं, पण सांध्यांतून खाली झिरपलेलं पाणी सपाट थरावर साठून राहतं. मग सांधे काळे पडतात, उंबऱ्यापाशी ओल चढते, वास येतो. वॉटरप्रूफिंगच्या आधी कोब्यावर तांब्याभर पाणी ओतून ते ट्रॅपकडे जातंय का हे बघायला एक मिनिट लागतं. भिंतीवर थर किमान ३० सें.मी., शॉवरच्या बाजूला १.८ मीटरपर्यंत.

फरशी: पैसे द्यायच्या आधी प्रत्येक फरशी चारही कोपऱ्यांवर ठोकून ऐका. पोकळ वाजली की खाली पूर्ण मसाला नाही, पाच ढेकळं ठेवून दाबलेली आहे. जड वस्तू पडली की कोपरा तुटतो. व्हिट्रिफाइड फरशी पाणी शोषतच नाही (०.५ टक्क्याहून कमी), त्यामुळे भिंतीवर नुसत्या सिमेंटच्या रबडीने ती धरत नाही, तिला टाइल अॅडहेसिव्ह लागतं. अॅडहेसिव्ह कुणाच्या खर्चात, हे आधी ठरवा.

---

थापी

टप्प्यांशी सहमत, फक्त १० टक्के आगाऊबद्दल वेगळं मत आहे. माल-मजुरीसकट काम घेणाऱ्या लहान ठेकेदाराला पहिल्याच आठवड्यात पाइप, वायर, सिमेंट, वाळू भरावी लागते आणि दर आठवड्याला मजुरांचा चुकारा असतो. १० टक्क्यांत ते बसत नाही. तो मग दुसऱ्या साइटची उचल तुमच्याकडे आणि तुमची तिसरीकडे असं फिरवत बसतो, आणि माणसं पळवापळवी होतात. रोख आगाऊ वाढवण्यापेक्षा पहिल्या मालाचं बिल तुम्ही थेट दुकानात भरा आणि ते पुढच्या हप्त्यातून वळतं करा. माल तुमच्या घरात येतो, त्याच्यावर ओझं येत नाही.

आणि टप्पे फार मोठे ठेवू नका. वीस-पंचवीस टक्क्यांचा टप्पा तीन आठवडे चालणार असेल तर मधे मोजमाप घेऊन झालेल्या कामापुरते पैसे द्या. झालेल्या कामाचे पैसे अडकवून ठेवले की मार पहिला बिगाऱ्याला बसतो.

दर ठरवताना रिकाम्या दिवसांचंही बोला. माल तुमचा असेल आणि फरशी वेळेवर आली नाही, तर जोडी बसून राहते. ‘मालकाच्या कारणाने काम थांबलं आणि एक दिवस आधी कळवलं नाही, तर त्या दिवसाची हजेरी’ एवढं एक वाक्य लिहा. उलट बाजूने, ठेकेदाराच्या कारणाने काम लांबलं तर आठवड्याला किती कापायचे तेही. एकतर्फी अट कुणी मनापासून पाळत नाही.

पाणी, वीज, सामान ठेवायला कुलपाची जागा, मजुरांना संडास, या चार गोष्टी कोण देणार ते पण त्याच कागदावर. घोडीवर, परांचीवर काम असेल तर मजुरांचा अपघात विमा आहे का ते विचारा आणि त्याची प्रत घ्या. विमा नसलेल्या स्वस्त ठेकेदाराचा दर स्वस्त नसतो. धोका कुणीतरी दुसऱ्याने उचललेला असतो, बहुतेक वेळा परांचीवरच्या माणसाने.

---

उंबरा

सगळ्यांचे मनापासून आभार. यादी करायला घेतली आहे. दोन गोष्टी राहिल्या. माल कुणी आणायचा, आणि वाढीव काम तोंडी सांगितलं जातं त्याचं काय? दुसरे ठेकेदार हाताने चांगले वाटतात, पण म्हणतात, ‘ताई, कागदबिगद कशाला, विश्वासावर करू.’

---

मोजपट्टी

माल वाटून घ्या. जे डोळ्यांना दिसतं ते तुम्ही आणा: फरशी, नळ, कमोड, दिवे, रंगाची छटा. जे भिंतीत गडप होतं ते त्याला आणू द्या, पण कंपनी, जाडी, प्रत यादीत लिहून. पाइप तुम्ही आणलात आणि सांधा गळला, तर तो पाइपाला दोष देईल आणि तुम्ही हाताला. दोन्ही त्याचंच असलं की जबाबदारी एका जागी राहते.

फरशी सरळ मांडणीला ५ ते ७ टक्के, तिरप्या मांडणीला १२ ते १५ टक्के जास्त घ्या. सगळ्या खोक्यांवर बॅच क्रमांक एकच आहे ना हे उतरवतानाच तपासा, कारण दोन बॅचमधला छटेचा फरक जमिनीवर लागल्यावरच दिसतो. एक खोकं पुढच्या दुरुस्तीला ठेवून द्या. फुटतूट ठरलेल्या टक्क्यापुढे गेली तर ती त्याच्या बिलातून. सिमेंटच्या गोणीवरची तारीख बघा, तीन महिन्यांपेक्षा जुनं नको.

---

ओळंबा

कागद म्हणजे वकिली करार नव्हे, ताई. यादी, दर, मोजायची पद्धत, टप्पे, काम संपायची तारीख आणि दोघांच्या सह्या, दोन पानांत बसतं. त्यांना एवढंच सांगा की यात तुमच्या हप्त्याची तारीखही पक्की होते. चांगल्या कारागिराला मालकाने शेवटचे पैसे बुडवल्याचा अनुभव असतोच, तो बहुधा तयार होतो. सहीला अवघडत असतील तर तीच दोन पानं मोबाइलवर पाठवा आणि ‘मान्य’ असं उत्तर मागा. त्यालाही नाही म्हणाले तर मात्र दुसरा माणूस बघा, हात कितीही चांगला असो.

वाढीव कामाला नियम एकच: सुरू करण्याआधी एक संदेश, त्यात काय, किती, कुठल्या दराने आणि किती दिवस वाढणार. ‘न्हाणीघराची मागची भिंत, जुना गिलावा पूर्ण सुटा, ६ चौ.मी. पाडून नवा, ठरलेल्याच दराने, २ दिवस जास्त.’ यावर तुमचं ‘करा’ आलं की काम चालू. संदेश नाही, तर पैसे नाहीत. हे तुम्हालाही लागू: उभ्या उभ्या ‘इथे एक कोनाडा काढा ना’ म्हटलं, तर त्याचे पैसे द्यायची तयारी ठेवा. जुन्या घरात यासाठी १० ते १५ टक्के रक्कम बाजूला असू द्या, आणि ती आहे हे ठेकेदाराला सांगू नका.

---

थापी

वाढीव कामाचा दर मूळ यादीतला धरायचा हे बरोबर, पण फरशी लागल्यावर भिंतीत नवा पॉइंट सांगितला तर जुना दर धरू नका. तेव्हा खाच हाताने, जपून, फरशी झाकून मारावी लागते. म्हणून पॉइंट कुठे हवेत ते गिलाव्याआधी भिंतीवर खडूने काढून घरातल्या सगळ्यांना दाखवा. पलंग, टेबल, कपाट कुठे येणार तेही जमिनीवर आखा. निम्मे वाढीव पॉइंट तिथेच सापडतात.

---

लेव्हलपाइप

रंगाची तारीख विचारून घ्या. नवा गिलावा सात दिवस पाण्याने भिजवायचा आणि मग सुमारे चार आठवडे सुकू द्यायचा असतो. काम लवकर संपवायच्या नादात दहाव्या दिवशी पुट्टी ओढली तर आतली ओल क्षार घेऊन बाहेर येते आणि पोपडे धरतात. वेळापत्रकात हे दिवस आधीच दाखवा, म्हणजे तेवढे दिवस त्याची माणसं दुसरीकडे गेली तरी तुम्हाला राग येणार नाही. रंगाचा टप्पा आणि फिटिंगचा टप्पा वेगळे ठेवा. फिटिंग गिलावा सुकत असतानाही होतं आणि त्याचे पैसे महिनाभर अडकत नाहीत.